घोड्याच्या फोटोंखालचा आवाज

गुलबारचिनच्या आणि माझ्या दुकानांच्या मध्ये लोखंडाचा एक पत्रा आहे, बाकी काही नाही. नारीनच्या बाजारात सगळ्यांचीच दुकानं मालगाडीच्या जुन्या डब्यांत, तशी आमचीही. मी थर्मास, किटल्या, चहाचे वाडगे विकते. ती नेमकं काय विकते ते मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या गिऱ्हाइकांनाही ते धड सांगता यायचं नाही. लोक यायचे, रुमालात गुंडाळलेली सीडी काढायचे आणि म्हणायचे, "एजे, ही उघडत नाही." एजे म्हणजे ताई. ती सगळ्या बाजाराची एजे, आणि मी तिच्याहून मोठी म्हणून मी तिची एजे.

तिच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. जुन्या कॉम्प्युटरांची नुसती दाटी. एक शाळेनं काढून टाकलेला, एक खाणीच्या कचेरीतून आलेला, ज्याच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. एक तर निळ्या पोटाचा, आतली आतडी बाहेरून दिसणारा. कुठल्याशा परदेशी मदतवाल्यांनी गाशा गुंडाळला तेव्हा तो उकिरड्यावर निघाला होता आणि ही बया तो हातगाडीवर घालून घेऊन आली. मी तोंडाची फटकळ आहे, मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, लोकांच्या घरी माणसं वाढतात, तुझ्या घरी भंगार वाढतंय. घाल की रद्दीवाल्याला."

"बातमा एजे, म्हातारा आहे खरा," ती म्हणाली, "पण याला एक भाषा येते, ती बाकीच्या कुणाला येत नाही."

मी नाक मुरडलं. माझ्या थर्मासला एकच भाषा येते, गरम राहायची, आणि तेवढ्यावर माझं घर चालतं.

तिचं हे वेड बापाकडून आलेलं. तिचा बाप वर खिंडीत हवामानाच्या ठाण्यावर होता. सोव्हिएत काळात तिथून रोज बिनतारी यंत्रावर खालच्या ठाण्याशी बोलणं व्हायचं. गुलबारचिन लहानपणी बापाच्या मांडीशी बसून ते ऐकायची. इतरांना ती नुसती टिकटिक वाटायची, आणि बाप शांतपणे सांगायचा, उद्या बर्फ, वारा पश्चिमेचा, मेंढ्या खाली उतरवा. पुढे ती फ्रुंझेला, म्हणजे आताच्या बिश्केकला, जाऊन तारखात्याचं शिकून आली, इथल्या तार ऑफिसात लागली, ते ऑफिस बंद पडलं, नवरा मुकाश नोवोसिबिर्स्कला ट्रक चालवायला गेला, आणि ही बाजारात आली. बाजारात आली तरी कान तेच राहिले. समोर नुसती खरखर असली तरी तिला वाटायचं, यात निरोप असणार, आपल्यालाच वाचता येत नाहीये.

कुणाच्या मॉस्कोतल्या लेकानं नातवाचं बारसं पाठवलेलं असायचं, कुणाच्या मणक्याचे फोटो बिश्केकच्या दवाखान्यानं सीडीत घालून दिलेले असायचे. ती एका मशीनमध्ये घालायची, नाही. दुसऱ्यात, नाही. तिसऱ्यात घातली की एकदम नातू हसताना दिसायचा. मला वाटायचं, नशीब. दहा किल्ल्या असल्या की एखादी लागायचीच. यात काही विद्या असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

ते आलं त्या पानगळीत. सीडीचा जमाना संपत आला होता, पोरं सगळं फोनवरच बघायला लागली होती, आणि गुलबारचिनकडे दिवसेंदिवस कुणी फिरकत नव्हतं. कुरणांवरून कळप खाली आले होते, म्हणजे लग्नांचे दिवस. एका सकाळी तिच्या दाराशी तिघंजण येऊन उभे राहिले. पुढे शायलोबेक. शायलो म्हणजे निवडणूक; त्या दिवशी जन्मला म्हणून बापानं नाव ठेवलं निवडणूकराव, आणि तेव्हापासून तो कायम काहीतरी हरल्यासारखाच दिसतो. त्याच्या मागे त्याची भाची आयझिरेक, चार दिवसांवर लग्न आलेली पोर, रडून डोळे सुजलेले. आणि तिच्या मागे तिची आई, सायराकान आपा.

सायराकान आपाला पाहिलं आणि मी हातातली किटली खाली ठेवली. आमच्याकडे लेक सासरी निघते तेव्हा आई तिला धरून कोशोक गाते. गाणं म्हणा, रडणं म्हणा, आशीर्वाद म्हणा, सगळं एकात. सगळ्याच आया गातात, पण सायराकान आपा गायची तेव्हा नवऱ्यामुलाकडची माणसंसुद्धा टोप्या काढून उभी राहायची. गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. बिश्केकला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजण्याइतकासुद्धा राहिला नाही. गळ्याला पांढरा रुमाल बांधून ती आता हातानंच बोलते.

मी पत्र्याला वळसा घालून सरळ आत शिरले. बोलावलं नव्हतं, पण शेजार कशाला असतो.

"सीडी आहे," शायलोबेक म्हणाला. "तशी उघडते."

"उघडते तर माझ्याकडे कशाला आणलीस?" गुलबारचिन म्हणाली.

"जे उघडतंय ते नकोय."

"तायके, नीट सांगा," आयझिरेक म्हणाली. तायके म्हणजे मामा. "नाहीतर मी सांगते. यांनी माझ्या आईचा आवाज पुसला आणि त्यावर स्वतःचा घोडा बसवला."

झालं होतं असं. आयझिरेकची थोरली बहीण झुपार सासरी गेली, तेव्हा फिनलंडहून आउने नावाची एक बाई इथे राहिली होती. बायकांची गाणी गोळा करत फिरायची. तिनं तो कोशोक आवाजयंत्रात घेतला आणि जाताना आपल्या पांढऱ्या कॉम्प्युटरवर एक सीडी करून सायराकानच्या हातात दिली. म्हणाली, आपा, यात तुमचा आवाज आहे, पुढच्या वर्षी येईन आणि यातच आणखी भरेन. आली नाही ती. पत्ताही कुणाकडे नव्हता. सायराकाननं सीडी पेटीत, रजयांच्या चळतीखाली ठेवून दिली. घरात सीडी लावायला काही नव्हतं, आणि गळ्यात आवाज होता तोवर लावायची गरजही नव्हती.

पुढे कधीतरी हौसेनं शायलोबेक ती घेऊन शहरभर हिंडला. प्रत्येक मशीन एकच सांगत होतं, यात काही नाही. कॉम्प्युटर क्लबवाला म्हणाला, बाई विसरली असेल भरायला, पण जागा भरपूर आहे, तुझं काही भरायचं असेल तर भरून देतो.

"मग मी काय करायचं होतं?" शायलोबेक म्हणाला. "चांगली कोरी सीडी टाकून द्यायची? त्याच वर्षी माझा पंचकल्याणी शर्यतीत पहिला आला होता."

हे मात्र आमच्याच माणसाला सुचावं. आम्ही पिठाची गोणी फाटली तर तिचं पायपुसणं करतो आणि पायपुसणं फाटलं तर चुलीला लावतो. कोरी जागा दिसली की आमचा हात शिवशिवतो. मी त्याला बोलणार होते, पण त्याच्या जागी मी असते तर मीही माझे थर्मास त्यावर चढवले असते, म्हणून गप्प बसले.

"आता सासरकडच्या बायका म्हणतात, आमच्या टोकोशला गायला सांगू," आयझिरेक म्हणाली. "मी नाही म्हटलं. गायची तर माझी आई, नाहीतर कुणीच नाही. मुक्यानं जाईन मी."

सायराकान आपानं हे ऐकलं आणि सीडीवर बोट ठेवलं. मग तोच हात खाली नेऊन गुडघ्याच्या उंचीवर धरला, आणि मग आयझिरेककडे दाखवला. सीडी, गुडघा, आयझिरेक. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"ही लहान होती तेव्हाची सीडी आहे, असं म्हणतेय," शायलोबेक म्हणाला. "ऑपरेशन झाल्यापासून हेच चालू आहे. अगं हो आक्का, कळलं आम्हाला."

आपानं नकाराची मान जोरात हलवली आणि दुसरीकडे बघायला लागली.

गुलबारचिननं तोवर सीडी नेहमीच्या विंडोजच्या मशीनमध्ये घातली होती. पडद्यावर घोडा आला. घोडा समोरून, घोडा बाजूनं, घोडा आणि शायलोबेक, नुसता घोडा. तिनं सीडी बाहेर काढली आणि सगळ्यांना ओलांडून दारात उन्हात गेली. सीडी उलटी करून तिरपी धरली, जरा इकडे, जरा तिकडे. मग मला म्हणाली, "एजे, तुमची नजर चांगली आहे. बघा जरा."

मी बघितलं. चकचकीत पाठीवर दोन रंग होते. मधल्या भोकापासून रुंद असा एक गडद पट्टा, मग केसाएवढी रेघ, मग बाहेरून एक अरुंद पट्टा, आणि पुढे कडेपर्यंत फिकट कोरं.

"ही सीडी आतून बाहेर लिहिली जाते," ती म्हणाली. "बाहेरचा अरुंद पट्टा म्हणजे शायलोबेकचा घोडा. मग आतला एवढा रुंद पट्टा कुणाचा?"

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"म्हणजे पुसलं नाही?" आयझिरेकनं विचारलं.

"या जातीची सीडी पुसता येतच नाही. लिहायचं असेल ते पुढे लिहायचं, मागचं तिथेच राहतं."

"मग मशीन काही नाही म्हणालं ते?" शायलोबेक म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हणालं. खोटं बोललं?"

"खोटं नाही रे. त्याला जेवढं वाचता येतं तेवढंच ते सांगतं. आत कुठे काय ठेवलंय ते प्रत्येक जातीचं मशीन आपापल्या पद्धतीनं मांडतं. आउनेचं मशीन मॅक. तिनं मॅकच्या पद्धतीनं मांडलं, ती विंडोजला कळत नाही, म्हणून त्याला घर रिकामं दिसलं. आणि तिला आणखी गाणी भरायची होती, म्हणून तिनं सीडी बंद केली नव्हती, दार उघडंच होतं. त्या दारातून तुझा घोडा आत आला." तिनं जरा विचार केला. "आता असं बघ. आपण कुरणात वर गेलो, तीन जागी मुक्काम केला. कुणी आपल्याला शोधत आलं तर तो शेवटच्या मुक्कामाला येऊन विचारणार ना? विंडोज तसंच करतं. शेवटच्या मुक्कामाला जातं. तिथे तुझा घोडा उभा. पहिल्या मुक्कामाची राख अजून गरम असली तरी तिकडे कोण बघतंय."

एवढं सोपं होतं ते. इतकी वर्षं पत्र्याच्या पलीकडे बसून मी किल्ल्यांचा जुडगा समजत होते.

"मग काढ की," मी म्हटलं. "तुझा तो निळ्या पोटाचा मॅकच आहे ना?"

निळ्या पोटाच्या म्हाताऱ्यानं सीडी गिळली, आतून दाणे भरडल्यासारखा आवाज काढला, थांबला, पुन्हा भरडायला लागला, आणि मग गप्प. त्याचा सीडी वाचायचा डोळा अधू झालेला. भाषा येते पण दिसत नाही, अशी त्याची गत. सीडी बाहेरही येईना. गुलबारचिननं डोक्यातली पिन काढली, त्याच्या तोंडाखालच्या बारीक भोकात घालून दाबली तेव्हा कुठे त्यानं ती सोडली. सायराकान आपा उठून उभी राहिली होती, ती परत बसेना.

"बसा आपा," गुलबारचिन म्हणाली. "एकाला दिसत नाही, पण दुसऱ्याला दिसतं."

दुसरा म्हणजे खाणीच्या कचेरीवाला. त्याच्यावर लिनक्स होतं आणि बाजूला पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं. तिनं मला समजावलं ते असं, की याला ती अर्थ विचारणारच नव्हती. याला फक्त सांगायचं, आतल्या गडद पट्ट्याच्या पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवून घे, समजलं नाही तरी. मग तो सगळा गठ्ठा उचलून मॅकपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, आता तू वाच. डोळे एकाचे, जीभ दुसऱ्याची. माझ्या नवऱ्याला म्हातारपणी ऐकू येत नव्हतं आणि सासऱ्याला दिसत नव्हतं, तेव्हा ते दोघे मिळून टीव्ही बघायचे, ते मला आठवलं.

सीडी फिरायला लागली. बरं चाललं होतं, आणि मध्येच अडली. तिथे पाठीवर पांढरट ओरखडे होते.

"हे काय लावलंस याला?" गुलबारचिननं विचारलं.

"टूथपेस्ट," शायलोबेक म्हणाला. "फोटो अडकत होते म्हणून घासली. कुणीतरी सांगितलं होतं."

"व्होडका लाव थोडी," मी म्हटलं. "व्होडकानं सगळं निघतं."

"एजे, व्होडका शायलोबेकला द्या. सीडीला नको."

तिनं सीडी काढली, तोंडाजवळ धरून वाफ सोडली आणि मऊ फडक्यानं पुसली. गोल गोल नाही, भोकापासून कडेकडे, सरळ. मग पुन्हा घातली. पुन्हा अडली. तिनं मशीनला वेग कमी करायला सांगितला, अगदी कमी, इतका की ते श्वास घेतंय असं वाटावं. आणि ते रांगत रांगत त्या ओरखड्यावरून पुढे गेलं. अडलं, मागे आलं, परत गेलं. गुलबारचिन हात मांडीवर ठेवून कान देऊन बसली होती, बापाशेजारी बसायची तशीच. डोळे पडद्यावर नव्हतेच. ती आवाजावरून सांगत होती, आता धरलं, आता सुटलं, आता परत धरलं.

मी दुकान तसंच टाकून चहा केला, कणकेचे तळलेले बोरसोक काढले. आयझिरेक खाईना. सायराकान आपा खाईना. शायलोबेक खात होता, पण मान खाली घालून. दुपार अशी गेली. बाजारातली गर्दी पांगायला लागली तेव्हा तो गठ्ठा उतरवून झाला. गुलबारचिननं तो पेन ड्राइव्हच्या बोटाएवढ्या कांडीत घेतला आणि कांडी निळ्या पोटाच्या म्हाताऱ्याला लावली. पुन्हा वाट बघणं आलं, कारण म्हाताऱ्याला घास घास भरवावा लागत होता.

मग पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी पांढरी चकती उमटली. तिच्याखाली नाव होतं, नारीन. गुलबारचिननं ती उघडली, आणि आत आउनेनं लॅटिन अक्षरांत लिहिलेलं होतं, सायराकान.

मी शपथेवर सांगते, मी मशिदीतसुद्धा इतकी गप्प बसलेली नाही. क्लबवाल्यांची, दुकानांची, सगळ्यांची मशीनं काही नाही, काही नाही म्हणत होती, आणि ते तिथेच होतं. पेटीत, रजयांखाली, घोड्याखाली. कुणी पुसलं नव्हतं, कुणी चोरलं नव्हतं. फक्त कुणी बरोबर विचारलं नव्हतं.

गुलबारचिननं बटण दाबलं. एका बाईनं खोल श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि एक सूर, लांब, वर चढणारा.

सायराकान आपानं झडप घालून तिचं मनगट पकडलं. आवाज बंद झाला. आपा मान हलवत होती. नाही, नाही.

"का आई?" आयझिरेक रडवेली झाली. पण मला कळलं, आणि गुलबारचिनलाही कळलं. कोशोक उगाच गात नाहीत. उंबऱ्यावर कुणी निघालेलं नसताना कोशोक म्हटला, तर निघायची वेळ ओढवून आणतो म्हणतात. आमच्या आयांनी तो कधी शिकवण्यासाठीसुद्धा मोठ्यानं म्हटला नाही.

"पण आपा," गुलबारचिन हलकेच म्हणाली, "न ऐकता मला कसं कळणार, शेवटपर्यंत धड आहे की नाही? ऐन निघायच्या वेळी करकरायला लागलं तर?"

आपा हटेना. तेव्हा गुलबारचिननं आवाज पूर्ण मिटवला आणि तो कोशोक पडद्यावर नुसता पसरला. हिरव्या रेघेचे उंचवटे, दऱ्या, पुन्हा उंचवटे. ती तो मुक्यानं वाचत पुढे सरकली. इथे श्वास, इथे सूर, इथे सगळ्या बायका मिळून. निम्म्याच्या पुढे जाऊन थांबली. तिथे आपाच्या रेघेवर दुसरंच काही चढलं होतं, बारीक, टोकदार, वेडंवाकडं.

"हा ओरखडा असणार," ती म्हणाली. "टूथपेस्टची कृपा. वाजलं तर कानात दाभण घुसल्यासारखं वाजेल. आपा, एवढा तुकडा कापून टाकते. दोन्ही बाजू जोडल्या की कुणाला कळणार नाही."

सायराकान आपानं त्या टोकदार जागेवर बोट ठेवलं. हात गुडघ्याच्या उंचीवर नेला. आयझिरेककडे दाखवला. मग गुलबारचिनचा हात बटणांवरून उचलून स्वतःच्या मुठीत घेतला आणि सोडला नाही.

गुलबारचिननं दुसरा हातही बटणांवरून काढून घेतला. "ठीक आहे," ती म्हणाली. "कापत नाही."

बाहेर आल्यावर मी तिला झापलं. लग्न पोरीचं, हट्ट आईचा, आणि तू शहाणी असून मान डोलावतेस. करकरलं की सगळे हसतील. ती म्हणाली, "एजे, मलाही भीती वाटतेय. पण सीडी तिची आहे, आवाज तिचा आहे. आत काय आहे ते तिला माहीत आहे, मला नाही."

निघायच्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कोचकोरहून नवऱ्यामुलाच्या गाड्या आल्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर उगाच हॉर्न वाजवत होते. टोकोश नावाची ती गाणारी बाई पण आली होती, वेळ पडलीच तर असावी म्हणून. थोरली झुपार तिच्या मुलांना घेऊन आली होती. गुलबारचिननं खिडकीत मोठा स्पीकर ठेवला होता आणि स्वतः आवाजाच्या बटणावर बोटं ठेवून उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. मी तिच्या शेजारी. माझा जीव टांगणीला लागला होता, तिचं काय होत असेल.

आयझिरेक पांढऱ्या ओढणीत बाहेर आली. सायराकान आपा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, दोन्ही कोपरांना धरून, जसं धरायचं तसं. तिनं खिडकीकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली.

तो श्वास आला. तो सूर आला. या वेळी कुणी थांबवला नाही.

हॉर्न थांबले. माझ्या शिंगरा, ती म्हणत होती, काल उभं राहायला शिकलीस आणि आज दुसऱ्याच्या कुरणाकडे निघालीस. नाव कुणाचं नव्हतं त्यात, कोशोकात नाव घेत नाहीत, शिंगरूच म्हणतात. आवाज सगळ्या अंगणावर पसरला, आणि त्या आवाजाखाली सायराकान आपाचे ओठ हलत होते, शब्दन् शब्द, आवाज नसलेले. नवऱ्यामुलाकडच्या माणसांनी टोप्या काढल्या. टोकोश तोंडात ओढणी कोंबून रडत होती.

मग ती जागा आली. गुलबारचिनचा हात बटणावर घट्ट झाला, करकर आली तर लगेच कमी करायला.

करकर आली नाही. एक लहान मूल रडायला लागलं. अगदी जवळून, त्या मशीनच्या तोंडाशीच असल्यासारखं, जीव तोडून. गाणारा आवाज अडखळला. मग तो खाली वाकला, वाकलेला कळला सगळ्यांना, आणि गातच त्या मुलाशी बोलायला लागला.

रडू नको गं धाकटे, तुझी पाळी अजून लांब आहे. रडू नको गं गुडघ्याएवढे. तू निघशील तेव्हा मी तुझ्यासाठी याहून मोठ्यानं गाईन, डोंगरापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं गाईन.

"ती तू आहेस," झुपार धाकटीला म्हणाली. "माझ्या ओढणीचं टोक सोडत नव्हतीस."

सायराकान आपाचा हात आयझिरेकच्या कोपरावरून निघाला, गुडघ्याच्या उंचीवर गेला, तिथून हळूहळू वर येत आयझिरेकच्या डोक्यावर टेकला. आता सगळ्यांना कळलं. आयझिरेक आईच्या गळ्याशी कोसळली, त्या पांढऱ्या रुमालावर.

मी वळून गुलबारचिनकडे बघितलं. तिचे डोळे वाहत होते आणि तिची बोटं बटणावर होती, आवाज कमी करायला ठेवलेली. तिनं ते बटण उलट्या बाजूला फिरवलं, जाईल तिथपर्यंत.